थांबलेल्या घटकेचा हिशेब

लग्नघरांत मुहूर्ताची वेळ जवळ आली म्हणजे पूर्वीं एका बाजूला पाण्यानें भरलेलें घंगाळ मांडलेलें असे, आणि त्या पाण्यावर तांब्याची एक लहानशी वाटी तरंगत असे. वाटीच्या बुडाला सुईच्या अग्राएवढें भोंक. त्या भोंकांतून पाणी हळूहळू आंत शिरावें, वाटी जड होत जावी आणि बरोबर एक घटका भरतांच ती बुडावी, अशी तिची घडण. अहोरात्रीच्या ६० घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. घटिकापात्र म्हणून ओळखली जाणारी ही वाटी पुष्कळांनीं पाहिली नसली, तरी तिचें नांव सर्वांच्या कानावर आहे.

आतां अशी कल्पना करावी कीं, वाटी पाण्यावर सोडून १० मिनिटें झालीं आहेत आणि कांहीं कारणानें मोजणी थोडा वेळ थांबवावी लागली. वाटी उचलून आंतलें पाणी ओतून टाकलें आणि कांहीं वेळानें रिकामी वाटी पुन्हां पाण्यावर सोडली, तर ती पूर्ण २४ मिनिटें घेईल. आधींचीं १० मिनिटें फुकट गेलीं. परंतु वाटी उचलतांना बुडाच्या भोंकावर बोट ठेवलें, आंतलें पाणी जसेंच्या तसें राखलें आणि तशीच वाटी पुन्हां सोडली, तर ती उरलेल्या १४ मिनिटांतच बुडेल. पहिल्या रीतीला मोजणी नव्यानें सुरू करणें म्हणावें. दुसरीला विराम देऊन मोजणी पुढें चालविणें म्हणावें. बाहेरून दोन्ही कृती सारख्याच दिसतात. फरक पडतो तो बोटाचा.

संगणकाच्या पडद्यावर चालणाऱ्या आज्ञावल्यांत टायमरला विराम देणें आणि तो पुढें चालू करणें, हा दिसावयास लहान परंतु वरचेवर चुकणारा विषय आहे. त्याचें बरेंचसें मर्म या वाटींत सांठविलेलें आहे. मात्र ही चूक कोठें व कोणाला भोंवते, हें पाहावयाचें तर लग्नघरांतून उठून शेताच्या बांधावर जावयास हवें.

पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेंतले. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस येथवर पोंचेपर्यंत विरळ होऊन जातो. या भागाला प्रथम आधार दिला तो नीरा डाव्या कालव्यानें. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत हा कालवा वाहूं लागला. १९२८ सालीं भाटघरचें लॉइड धरण पुरें झालें. आणि पुढें भीमेवरील उजनी धरणाचें पाणी इंदापुराच्या वांट्याला आलें. पाण्याच्या मागोमाग पाळी आली. पाणी थोडें व मागणी फार, तेव्हां कोणाला केव्हां व किती, हें ठरविणें ओघानेंच आलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली, ती याच विवंचनेंतून. ऊस एकाच गांवीं दाटूं नये, ठरलेल्या तुकड्यांतून तो वांटला जावा आणि पाण्याचा लाभ अनेक गांवांना पोंचावा, हा तिचा हेतु होता.

पाळी म्हटली कीं वेळ आली, आणि वेळ म्हटली कीं खंड आलाच. कालवा फुटतो, चारींत गवत अडतें, वीज जाते. मग प्रश्न उभा राहतो कीं, या खंडाच्या काळांत पाळीचें घड्याळ चालू समजावयाचें कीं थांबलेलें? यावर निरनिराळ्या प्रांतांनीं निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत. पंजाबच्या वारबंदींत प्रत्येकाची वेळ आठवड्याच्या घड्याळाला खिळलेली असते. मंगळवारीं पहांटे तीन ते पांच ज्याची पाळी, त्या दोन तासांत पाणी आलें नाहीं तर त्याचें तें गेलें. पुढच्याच्या वेळेंतून त्याला भरपाई मिळत नाहीं. महाराष्ट्रांतील शेजपाळींत चारीच्या शेवटच्या टोकाकडून आरंभ करून शेजाराशेजारानें वर येण्याचा क्रम असतो. एकाचें भिजलें कीं शेजाऱ्यानें दारें धरावयाचीं. येथें काम पुरें होण्याला महत्त्व आहे, घड्याळांतील कांट्यांना तितकें नाहीं. म्हणजे एक मोजणी अमुक वाजेपर्यंतची आणि दुसरी अमुक इतका वेळ पुरा होईपर्यंतची. पहिलीला विराम देतां येत नाहीं, कारण घड्याळ कोणासाठीं थांबत नाहीं. दुसरीला विराम देतां येतो, नव्हे, द्यावाच लागतो. टायमर लिहावयास बसणाऱ्यानें सर्वांत आधीं हें ठरवावें कीं, आपल्या हातांतील मोजणी या दोहोंपैकीं कोणती. पुष्कळ चुका टायमर लिहितांना होत नाहींत; हा प्रश्न न विचारतां लिहावयास बसल्यामुळें त्या होतात.

आतां पाटाच्या पाण्यावरून ठिबकाकडे यावें. इंदापूर भागांत द्राक्षाच्या व डाळिंबाच्या बागा आहेत आणि ऊस दोन्ही तालुक्यांत आहे. विहिरीवर वा शेततळ्यावर विजेची मोटार, तिच्यापुढें गाळणी, आणि पुढें नळ्यांचें जाळें. बागेचे भाग पाडून प्रत्येक भागाला एक एक व्हॉल्व्ह बसविलेला असतो, आणि एका वेळीं एकच भाग भिजविला जातो. समजा, बागेचे चार भाग आहेत आणि प्रत्येकाला ६० मिनिटें पाणी द्यावयाचें आहे. मळ्यांतील खोलींत ठेवलेल्या संगणकावर एक आज्ञावली आहे. ती क्रमानें व्हॉल्व्ह उघडते व बंद करते. शेतीची वीज अनेक वर्षें पाळीनें, कधीं दिवसा तर कधीं रात्रीं, मिळत आलेली आहे. तेव्हां ही मोजणी रात्रींची आहे असें धरूं. रात्रीं १० वाजतां मोटार सुरू झाली. ११ वाजतां पहिला भाग पुरा होऊन दुसरा चालू झाला. ११ वाजून ३७ मिनिटांनीं वीज गेली आणि १२ वाजून २७ मिनिटांनीं परत आली. खंड ५० मिनिटांचा. संगणक मात्र बॅटरीवर चालूच राहिला.

आज्ञावलीनें मोजणी थांबविलीच नाहीं तर काय होईल? तिच्या लेखीं दुसरा भाग १२ वाजतां पुरा झाला. प्रत्यक्षांत त्याला ३७ मिनिटेंच पाणी मिळालें. तिसऱ्या भागाचा व्हॉल्व्ह १२ ते १ उघडा होता. परंतु पाणी आलें तें १२ वाजून २७ मिनिटांनंतर, म्हणजे ३३ मिनिटेंच. चौथ्याला पूर्ण तास मिळाला. सकाळीं पडद्यावर चारही भागांपुढें काम पुरें झाल्याची खूण दिसते, आणि दोन भागांतील वेली तहानलेल्या राहतात. उलट, वीज आल्यावर आज्ञावलीनें दुसऱ्या भागाची मोजणी नव्यानें सुरू केली, तर त्या भागाला ३७ अधिक ६०, अशीं ९७ मिनिटें पाणी मिळेल. पाणी मुळांखालीं उतरेल, त्याबरोबर दिलेलें खतहि जाईल, आणि चौथा भाग २ वाजून ५० मिनिटांऐवजीं ३ वाजून २७ मिनिटांनीं पुरा होईल. त्याआधीं विजेची पाळी संपली, तर चौथ्या भागाचें पाणी तुटलें. योग्य वर्तन एकच: दुसऱ्या भागाला उरलेलीं २३ मिनिटें द्यावींत, १२ वाजून ५० मिनिटांनीं तिसरा भाग सुरू करावा, आणि पुढें तसेंच चालावें. ज्याच्या घरीं या बागेवर वर्षाचा संसार चालतो, त्याला या तीन वर्तनांतील अंतर समजावून द्यावें लागत नाहीं.

हें योग्य वर्तन आज्ञावलींत आणतांना नवशिक्याचा हात दोन ठिकाणीं चुकतो. पहिली चूक टिकटिक मोजण्याची. टायमर दर सेकंदाला एक हांक देतो. प्रत्येक हांकेसरशी एक मिळवीत गेलें कीं झालेला वेळ कळेल, असें वाटतें. थांबवावयाचें असलें कीं मिळविणें थांबवावें. युक्ति सोपी आहे, परंतु तिचा पाया कच्चा आहे. पडद्यावर खिडकी मांडून चालणाऱ्या आज्ञावलीपुढें संदेशांची एक रांग असते. माऊसची टिचकी, दाबलेली कळ, खिडकी पुन्हां रंगविण्याची सूचना, हे सारे संदेश या रांगेंतून एकामागून एक हातावेगळे होतात. टायमरची हांक हाहि तसाच एक संदेश; परंतु विंडोजमध्यें त्याचा मान सर्वांत शेवटचा. रांगेंत दुसरें काम नसेल तेव्हांच तो दिला जातो, आणि पहिली हांक उचलली जाण्यापूर्वीं दुसरीची वेळ भरली तर दोन हांका होत नाहींत, एकच उरते. आज्ञावली महिन्याचा अहवाल तयार करण्यांत २० सेकंद गुंतली, तर २० हांकांऐवजीं एकच हातीं येते आणि १९ सेकंद हिशेबांतून गळतात. शिवाय विंडोजच्या खिडक्यांसाठीं असलेल्या नेहमींच्या टायमरची बारकाईच मुळीं सुमारे ५५ मिलिसेकंदांपुरती आहे. तात्पर्य, टायमर हा दारावर थाप मारणारा निरोप्या आहे. तो घड्याळ नव्हे. थाप ऐकून उठावें आणि वेळ घड्याळांत पाहावी.

दुसरी चूक वाटी रिकामी करण्याची. बहुतेक साधनसंचांत टायमरला थांबविण्याची व सुरू करण्याची अशा दोन आज्ञा असतात, आणि त्यांच्या नांवांवरून विराम व पुनरारंभ यांचा भास होतो. प्रत्यक्षांत थांबविण्याच्या आज्ञेनें जुनी नेमणूक रद्द होते आणि सुरू करण्याच्या आज्ञेनें पूर्ण मुदतीची नवी नेमणूक होते. ६० मिनिटांचा टायमर ३७ मिनिटांनीं थांबवून पुन्हां सुरू केला, तर तो पुन्हां ६० मिनिटें घेतो. विंडोजच्या खिडक्यांतील टायमर असाच वागतो. क्यूट या साधनसंचांतीलहि असाच वागतो. क्यूटच्या २०१२ सालीं निघालेल्या पांचव्या आवृत्तीपासून टायमरला उरलेला वेळ विचारण्याची सोय झाली आहे. परंतु ती टायमर थांबविण्यापूर्वीं विचारून ठेवावी लागते, मागाहून नव्हे. बोट ठेवावयाचें तें वाटी उचलतांनाच.

मग खरी रीत कोणती? ती किराणा दुकानाच्या खातेवहीइतकी साधी आहे. प्रत्येक मोजणीच्या नांवें तीन नोंदी ठेवाव्या. पहिली एकूण मुदत, दुसरी आतांपर्यंत साठलेला वेळ, आणि तिसरी सध्यांची फेरी सुरू झाल्याचा क्षण. मोजणी सुरू करतांना तिसऱ्या नोंदींत तो क्षण लिहावा. विराम देतांना त्या क्षणापासून आतांपर्यंत गेलेला वेळ काढून तो साठ्यांत मिळवावा आणि तिसरी नोंद पुसून टाकावी. पुढें चालू करतांना नवा क्षण लिहावा. साठ्याला हात लावूं नये. उरलेला वेळ हवा असेल तेव्हां मुदतींतून साठा वजा करावा, आणि मोजणी चालू असल्यास चालू फेरींत गेलेला वेळहि वजा करावा.

वरील रात्रींचाच दाखला घेऊं. दुसऱ्या भागाची मुदत ६०, साठा शून्य, फेरीचा आरंभ ११ वाजतां. ११ वाजून ३७ मिनिटांनीं विराम. साठा ३७, आरंभाची जागा कोरी. १२ वाजून २७ मिनिटांनीं पुनरारंभ. साठा ३७ च, आरंभ १२ वाजून २७ मिनिटें. १२ वाजून ४० मिनिटांनीं पाहिलें, तर साठ्यांतलीं ३७ आणि चालू फेरींतलीं १३, मिळून ५० झालीं, १० उरलीं. त्याच वेळीं वीज पुन्हां ५ मिनिटें गेली, तरी हिशेब बिघडत नाहीं. साठा ५० होतो, १२ वाजून ४५ मिनिटांनीं नवी फेरी सुरू होते, आणि काम १२ वाजून ५५ मिनिटांनीं पुरें होतें. खंड एक असो वा दहा, वहीची रीत तीच. टायमरकडे एवढेंच काम राहतें कीं, पुनरारंभाच्या वेळीं उरलेल्या मुदतीनंतर एकदां हांक द्यावी. पुनःपुन्हां घडणाऱ्या कामाला येथें एक पोटनियम लागतो. दर १५ मिनिटांनीं पाण्याचा दाब टिपावयाचा असेल आणि ९ मिनिटांनीं विराम पडला असेल, तर पुनरारंभानंतरची पहिली हांक ६ मिनिटांनीं द्यावी आणि तेथून पुढें पुन्हां १५-१५ मिनिटांची चाल धरावी. सहाचाच हप्ता कायम ठेवण्याची चूक अनेकांच्या हातून होते.

वही ठरली, आतां घड्याळ ठरवावयास हवें. भिंतीवरचें घड्याळ दिवस कोणता व वाजले किती, हें सांगण्यासाठीं असतें. किती वेळ गेला, हें सांगण्याला तें नेहमींच लायक असतें असें नाहीं, कारण त्याचे कांटे माणूस फिरवूं शकतो. याचा अनुभव मुंबई इलाख्याला चांगलाच आहे. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानाची प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबई शहरानें आपली स्थानिक वेळ १९५५ पर्यंत टिकविली, आणि ती प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटें मागें होती. एकाच शहरांत दोन घड्याळें दोन वेळा दाखवीत. पुढें महायुद्धांत, १९४२ च्या सप्टेंबरापासून १९४५ च्या ऑक्टोबरापर्यंत, देशांतील प्रमाणवेळ तासभर पुढें ओढली गेली होती. ज्या रात्रीं कांटे पुढें सरकविले गेले, त्या रात्रीं भिंतीवरच्या घड्याळाच्या भरंवशावर कोणी ६० मिनिटांची मोजणी चालविली असती, तर कांटे फिरतांच ती संपल्यासारखी दिसली असती. पाणी मात्र एक थेंबहि अधिक वाहिलें नसतें.

संगणकाच्या भिंतीवरच्या घड्याळाची गोष्ट हीच. कोणी तारीख दुरुस्त करतो, कोणी वेळेचा विभाग बदलतो, जाळ्यावरून वेळ आपोआप जुळविली जाते. म्हणून प्रत्येक संगणकांत दुसरेंहि एक घड्याळ असतें. त्याला दिवस-वार ठाऊक नसतो. तें केवळ पुढें मोजीत जातें, आणि त्याचे कांटे कोणालाहि मागें फिरवितां येत नाहींत. लिनक्समध्यें त्याला मोनोटॉनिक घड्याळ म्हणतात. जावा भाषेंत नॅनोटाइम या आज्ञेनें त्याची मदत घेतां येते. डॉटनेटमध्यें स्टॉपवॉच नांवाचें तयार साधन आहे, आणि तें थांबवून पुन्हां सुरू केलें असतां आधींचा वेळ राखून पुढें मोजतें. बोट ठेवण्याचें काम तेंच करतें. विरामाच्या वहींतील क्षण नेहमीं या दुसऱ्या घड्याळावरून टिपावे.

परंतु या घड्याळाच्याहि दोन खोडी आहेत. पहिली निद्रेची. संगणकाचें झांकण मिटलें कीं तो निजतो. लिनक्सचें मोनोटॉनिक घड्याळ त्या काळांत थांबतें. बूटटाइम नांवाचें त्याचें भावंड मात्र निद्रेचा काळहि मोजतें. यांतलें बरोबर कोणतें? शाळकरी मुलगा परीक्षेचा सराव करतांना अभ्यासाचा वेळ मोजीत असेल, तर निद्रेचा काळ वगळणें योग्य. उलट, संगणक निजला असतां मोटार चालूच असेल, तर वगळलेल्या काळांतहि पाणी वाहत आहे, हें विसरून चालणार नाहीं. तेथें झोपेचा काळ धरावा लागतो, आणि त्याहून शहाणपणाचें म्हणजे व्हॉल्व्ह उघडा असतांना संगणकाला झोपूंच देऊं नये. दुसरी खोड अंकांच्या मर्यादेची. आरंभापासूनचे मिलिसेकंद ३२ द्विमान अंकांत मोजणारा मोजक ४९.७ दिवसांनीं भरून पुन्हां शून्यावर येतो. विंडोज ९५ व विंडोज ९८ या प्रणाली सतत ४९.७ दिवस चालू ठेवल्या तर गोठून जात, त्याचें कारण हेंच होतें. महिनोन् महिने बंद न होणाऱ्या मळ्यांतील संगणकावर मोठ्या अंकाचा मोजक वापरणें, हें यावरून उघड आहे.

विराम देणारी कळ ही दिसते तितकी निरुपद्रवी नाहीं. वीज गेल्याचें कळतांच आज्ञावली स्वतः विराम देते. तेवढ्यांत जागा झालेला मनुष्य घाईनें तीच कळ दाबतो. विराम दोनदां झाला. पहिल्यानें ३७ मिनिटें साठ्यांत टाकलीं; आरंभाची नोंद पुसलेली नसेल, तर १० मिनिटांनीं दाबलेली कळ ११ वाजल्यापासूनचीं ४७ मिनिटें पुन्हां मिळवील. साठा ८४ झाला; ६० मिनिटांचें काम कागदावर पुरें होऊन व्हॉल्व्ह मिटला. म्हणून मोजणीच्या चार अवस्था स्पष्ट ठरवाव्या: सज्ज, चालू, थांबलेली आणि पुरी. चालू असलेलीलाच विराम द्यावा, थांबलेलीलाच पुढें न्यावें, आणि इतर वेळीं आलेली कळ निमूटपणें सोडून द्यावी. आणखी एक फसवा प्रसंग असा कीं, विराम देण्याच्या क्षणापूर्वींच टायमरची एक हांक निघालेली असावी आणि विरामानंतर ती हातीं यावी. ती खरी मानली, तर थांबलेलें काम पुरें झाल्यासारखें होतें. याला उपाय म्हणून प्रत्येक फेरीला एक क्रमांक द्यावा. जुन्या क्रमांकाची हांक आली तर ती उशिरां पोंचलेल्या तारेसारखी बाजूला ठेवावी.

येथवर संगणक जागा आहे, असें धरून चाललें. बॅटरीहि संपली तर? तेव्हां वही स्मरणांत असून भागत नाहीं. ती डिस्कवर उतरलेली असावी लागते. दर मिनिटाला साठा लिहून ठेवला, तर अकस्मात् बंद पडल्यास जास्तींत जास्त एका मिनिटाचा हिशेब हरवतो. लिहितांना जुनी नोंद खोडून तिच्याच जागीं नवी लिहूं नये. अर्ध्यावर वीज गेली तर दोन्ही जातात. नवी नोंद वेगळ्या फाइलींत पुरती लिहावी, आणि मग तिला जुनीचें नांव द्यावें. फेरीचा आरंभक्षण मात्र पुन्हां वापरूं नये; कारण न फिरणारें घड्याळ संगणक सुरू होतांच पुन्हां शून्यापासून मोजूं लागतें, आणि कालच्या क्षणाला आज कांहीं अर्थ उरत नाहीं. टिकतो तो साठा. संगणक पुन्हां उठला कीं, प्रत्येक अपुऱ्या मोजणीची अवस्था थांबलेली अशी धरावी, आणि वीज व पाणी यांची खात्री झाल्यावरच ती चालू करावी.

ही खात्री कशाची, हेंहि नीट समजून घेतलें पाहिजे. वीज आली म्हणजे झाडाच्या मुळाशीं पाणी आलें, असें होत नाहीं. खंडाच्या काळांत नळ्या रिकाम्या झालेल्या असतात. त्या भरून दाब येईपर्यंत कांहीं मिनिटें जातात. मोजणी विजेच्या दिव्यावर न ठेवतां पाण्याच्या दाबावर ठेवली, तर हीं मिनिटें आपोआप हिशेबाबाहेर राहतात. दाब ठरलेल्या मर्यादेखालीं गेला कीं विराम, वर आला कीं पुनरारंभ. टायमरला काळ मोजावयाचा असतो. परंतु कोणता काळ मोजण्याजोगा, हें त्याला बाहेरून सांगावें लागतें.

पुनरारंभाचा आणखी एक धोका एकट्या मळ्याचा नसून साऱ्या गांवाचा आहे. रात्रीं अपरात्रीं अंधारांतून, सापकिरडांतून मोटारीपर्यंत जाणें टळावें म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो स्विच बसवितात. वीज आली कीं मोटार आपण होऊन सुरू होते. सोय मोठी, परंतु एका रोहित्रावरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणीं जाग्या झाल्या कीं त्या रोहित्रावर एकदम भार येतो. तें जळलें तर गांवाचें पाणी कित्येक दिवस खोळंबतें. ऑटो स्विच वापरूं नयेत, असें महावितरण शेतकऱ्यांना वेळोवेळीं सांगत आलें आहे, तें यासाठींच. आज्ञावली लिहिणाऱ्यालाहि यांत धडा आहे. एकाच संगणकावर बारा मोजण्या थांबलेल्या असतील, तर त्या एका दमांत पुढें सोडूं नयेत. एकामागून एक, मध्यें थोडें अंतर ठेवून सोडाव्या. शेजारच्या मळ्यांतील संगणकाशीं बोलणें नसेल, तर प्रत्येकानें आपल्यापुरता एक ते दहा मिनिटांचा कोणताहि विलंब निवडावा. सर्वांचा एकच निघण्याचा संभव मग फार थोडा. या विलंबाच्या काळांत मोजणी थांबलेलीच राहिली पाहिजे, कारण पाणी अजून वाहूं लागलेलें नाहीं.

शेवटीं पडद्यावर काय दाखवावें, हाहि लहान प्रश्न नाहीं. थांबलेल्या मोजणीपुढें केवळ उरलेलीं मिनिटें दाखविलीं, तर ती चालू आहे कीं थांबली आहे हें कळत नाहीं. म्हणून मिनिटांबरोबर अवस्था, खंड केव्हां पडला, आणि आतांपर्यंत प्रत्यक्ष किती पाणी दिलें गेलें, हें तिन्ही दिसावें. सकाळीं चहाचा पेला हातांत घेऊन मालक पडद्यापुढें उभा राहिला कीं, त्याला रात्रींच्या खंडाची हकीकत वाचतां यावी. चूक झालीच असेल, तर ती झांकून ठेवणारी आज्ञावली चूक करणारीपेक्षां वाईट.

बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या शेतावर अलीकडे ऊसशेतींत कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालू आहेत. उपग्रहांनीं टिपलेलीं चित्रें, जमिनींतील ओलावा व हवामान यांवरून पिकाला केव्हां व किती पाणी लागेल, याचा अंदाज बांधला जातो. अंदाज कितीहि सूक्ष्म असला, तरी ४५ मिनिटें पाणी द्या असा निष्कर्ष निघाल्यानंतर तीं ४५ मिनिटें प्रत्यक्ष मोजणारा शेवटीं एक टायमरच असतो. त्यानें खंडाच्या वेळीं हिशेब सोडला, तर वरची सारी विद्वत्ता पाण्यांत जाते.

घटिकापात्राजवळ बसणारा मनुष्य विद्वान् असो वा नसो, त्याला एक गोष्ट हाताच्या संवयीनें कळत होती: वाटी उचलावयाची झाली तर आधीं भोंकावर बोट ठेवावयाचें. टायमर लिहिणाऱ्यालाहि तेवढेंच करावयाचें आहे. झालेला वेळ आधीं वहींत उतरवावा, मग थांबावें. म्हणजे पुन्हां निघतांना कोणाच्या वांट्याचें पाणी कोणाकडे जात नाहीं.